परिग्रहाची यादी आणि घरसामानाचा विमा

परभणी, सेलू, मानवतच्या बाजारपेठांतील अनेक कुटुंबे वाडा सोडून सदनिकेत राहावयास आली. तेथे वरच्या मजल्यावरचा नळ फुटला, तर भिजते ते आपले कपाट. सोसायटीचा विमा असतो तो इमारतीचा. आपल्या चीजवस्तूंचा नव्हे.

१ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी केवळ घरसामानासाठीही घेता येते. आग, पूर, भूकंप, तसेच टाकी वा नळ फुटून होणारी हानी तिच्या कक्षेत येते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या मराठवाड्याला याचे महत्त्व सांगणे नको.

मात्र तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दागिने व चांदीच्या वस्तूंसाठी ठरलेल्या मूल्याचे ऐच्छिक संरक्षण वेगळे मागावे लागते; रोकड तर वगळलेलीच असते. चोरीची भरपाई मिळते ती आग, पुरासारख्या दुर्घटनेपासून सात दिवसांत झालेल्या चोरीचीच. चातुर्मासात गुरुदर्शनास गेलो असता कुलूप तुटले, तर उपयोगी पडेल तो घरफोडीचा स्वतंत्र विमा. आणि दुकानातील मालाचा विमाही निराळाच घ्यावा.

परिग्रह-परिमाण व्रत घेणारा श्रावक आपल्या मालमत्तेची मोजदाद करतो. विम्यासाठीही तीच यादी लागते: वस्तू, किंमत, पावती, छायाचित्र. ती या पर्युषणात लिहून काढावी. काय राखावे आणि काय सोडावे, हेही त्याच कागदावर उमगेल.