जिन्याखालचे चार्जिंग

ई-स्कूटरच्या बॅटरीच्या आगीतून रुग्ण आला, की आम्ही भाजलेल्या कातडीआधी श्वास पाहतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड असे विषारी वायू असतात. २०२२ मधल्या अशा आगींनंतर केंद्राने ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले. एक सेल बेफाम तापला तरी अख्खा पॅक पेटता कामा नये, ही त्यातली चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. पण ती कारखान्यातून निघालेल्या पॅकची. गल्लीत सेल बदलून जोडलेल्याची नव्हे. आणि आपण चार्जिंग करतो कुठे? जिन्याखाली, बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर, रात्री सगळे झोपल्यावर! फुगलेली, आपटलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. धूर छातीत गेला असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात या. फुफ्फुसांना सूज कधी कधी काही तासांनी येते.