गळ्याची गाठ आणि अडलेला श्वास



गळ्याला गाठ आली, पण दुखत नाही. मग "एवढा ऊस जाऊ द्या, हंगाम संपल्यावर बघू" असे म्हणत आपण वर्षामागून वर्षे काढतो. घरातील बायका तर बोलतच नाहीत. दुखत नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याखाली थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती वाढली की गलगंड म्हणतात. आहारात आयोडीन कमी पडणे हे त्याचे जुने कारण. त्यासाठीच १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. मात्र जुनी, मोठी गाठ मिठाने विरघळत नाही.

ही ग्रंथी श्वासनलिकेला चिकटून असते. मोठ्या माणसाची श्वासनलिका साधारण दीड ते दोन सेंटीमीटर रुंद. गाठ वाढली की पाईप चेपावा तशी ती चेपते किंवा एका बाजूला सरकते. कधी गाठ छातीच्या हाडामागे उतरते. मग बाहेरून लहान दिसते, पण आत दाब वाढत असतो.

पुढील खुणा ओळखाव्यात :

१) उताणे झोपले की गुदमरते, उशाला दोन-तीन उशा लागतात.
२) श्वास घेताना घर्रघर्र आवाज येतो. पुष्कळदा याला दमा समजून औषधे चालू राहतात.
३) घास अडकतो, आवाज घोगरा होतो.
४) दोन्ही हात वर धरले की चेहरा लाल होतो.

यांपैकी काही असेल तर घरगुती लेप लावत बसू नये. रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सी.टी. स्कॅन करून डॉक्टर निर्णय घेतात. प्रत्येक गलगंडाला ऑपरेशन लागत नाही. पण श्वासनलिका दाबली जात असेल तर बहुधा तोच उपाय असतो. ग्रंथीचे काम वाढलेले असेल तर आधी गोळ्यांनी ते ताब्यात आणतात.

भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नये. "झोपल्यावर गुदमरतंय" हे त्यांना आवर्जून सांगावे. भूल दिल्यावर श्वासाची नळी घालणे अशा रोग्यात अवघड होऊ शकते. आधी कळले तर ते तयारीत राहतात. कधी रोगी जागा असतानाच नळी घालतात.

एके काळी हे ऑपरेशन जिवावरचे समजत. स्वित्झर्लंडचे डॉ. थिओडोर कोखर यांनी ते पुष्कळ सुरक्षित केले. थायरॉईडवरील कामाबद्दल त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरी पहिला दिवस जपावा. गळा फुगू लागला, श्वास लागला तर तत्काळ नर्सला हाक मारावी. आत रक्तस्राव झालेला असू शकतो. ओठांभोवती वा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झाले असेल, तेही सांगावे. आवाज बसला तर बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. पूर्ण ग्रंथी काढली असेल तर थायरॉईडची गोळी रोज अनशापोटी, जन्मभर घ्यावी लागते. ती बंद करू नये.

ऊस आठ दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडी घट येईल, ती पुढच्या साली भरून काढता येते. अडलेला श्वास हंगाम संपायची वाट बघत नाही. आज घरी गेल्यावर आईच्या, मालकिणीच्या गळ्याकडे एकदा नीट बघा, आणि रात्री झोप कशी लागते ते विचारा.