घरातला समुद्र – भाग 6 : पाणी किती दिवसांनी बदलायचं?

रविवारी सकाळी मी नळी आणि बादली घेऊन खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीसमोर बसलो की आई हटकून विचारते, "चांगलं नितळ दिसतंय की. कशाला ओततोस?" नगरमध्ये जन्म काढलेल्या बाईचा हा प्रश्न खोडून काढणं सोपं नाही. मुळा धरणाचं पाणी विळदहून वसंत टेकडीवर चढतं आणि तिथून दिवसाआड नळाला येतं. मध्ये कुठे पाइप फुटला की तेही नाही. अशा गावात दहा लिटर स्वच्छ पाणी मोरीत सोडताना हात जड होतोच.

उत्तरं मात्र ढीगभर मिळतात. मी टाकी घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, महिन्यातून एकदा अर्धं पाणी बदला. एका जुन्या हौशी मित्राने सांगितलं, दोन वर्षांत बदललेलंच नाही. दोघंही खरं बोलत होते, पण आपापल्या टाकीबद्दल.

आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तर शोधायची रीत आहे. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलं त्यात रब्बीला काय पेरायचं. आधी हिशेब, मग निर्णय. टाकीचंही तेच आहे, फक्त मोजायचं ते पाणी नाही, त्यात साठणारा नायट्रेट.

मासा खातो, घाण करतो, त्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचा नायट्राइट करतात आणि नायट्राइटचा नायट्रेट. हे जिवाणू दगडावर आणि वाळूत बसायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. या काळात टाकीत मासा नसेल तर पाणी बदलू नका. बदलून फायदा नाही, आणि नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी खोटा, फुगलेला आकडा दाखवते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की एकदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. मग पहिला मासा.

आता वही काढा. मासे आल्यावर सलग तीन रविवार, पाणी न बदलता, नायट्रेट मोजा. समजा 4, 8, 12 असे आकडे आले. म्हणजे आठवड्याला 4 पीपीएमची भर. दर आठवड्याला दहा टक्के बदलत गेलात तर हा आकडा चढत चढत 40 पाशी थांबतो, कारण 40 चे दहा टक्के म्हणजे 4: जेवढं येतं तेवढंच जातं. वीस टक्के बदललंत तर 20 पाशी थांबेल. आठवड्याची भर टक्केवारीने भागायची, झालं. भर 1 असेल, म्हणजे दोनच क्लाउनफिश आणि चिमूटभर खाणं, तर दहा टक्क्यांत आकडा 10 च्या वर जात नाही. मऊ प्रवाळांना एवढं चालतं. भर 4 असेल तर बादल्या वाढवण्याआधी खाणं कमी करा.

"महिन्याला एकदाच चाळीस टक्के बदललं तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नायट्रेटच्या हिशेबात ते थोडं सरसच पडतं. चार वेळा दहा टक्के काढून जुन्या पाण्याचा 34 टक्केच भाग जातो. पण कोवळ्या टाकीला एकदम बसणारा धक्का वाईट. क्षारता, तापमान, अल्कलिनिटी सगळं एका दुपारी हलतं आणि प्रवाळ मिटून बसतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोजणीचे तीन रविवार झाले की पहिलं वर्षभर दर रविवारी दहा टक्के. दोन अपवाद. मासा मेला आणि अमोनिया दिसला तर वाराची वाट न पाहता तीस टक्के. आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर असतील तर हात आखडता घ्या. अति धुतलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर येतो, आणि तो जाता जात नाही.

बदलायचं ते पाणी कुठलं, हा खरा नगरी घोळ. बोअरचं पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही हे सगळ्यांना माहीत. बसाल्टातून झिरपताना ते सिलिकाही घेऊन येतं, आणि उसाच्या पट्ट्यात खतांचा नायट्रेट. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकाला चालतो. म्हणजे माणसाला पास झालेलं पाणी टाकीत ओतून तुम्ही नायट्रेट काढत नाही, भरत असू शकता. म्हणून आरओ हवंच. पण घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा टीडीएसचा एक छोटा स्क्रू असतो, जो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पहिले तीन महिने मी तेच पाणी वापरलं. दर रविवारी बदल, आणि दर बुधवारी वाळूवर सिलिकावर वाढणाऱ्या तपकिरी डायटमची साय. जास्त बदललं तर साय जास्त! मीटर बुडवला तेव्हा कळलं: टीडीएस 90. स्क्रू बंद केला, पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, मीटर शून्यावर आला, आणि साय महिनाभरात ओसरली.

मीठ रात्रीच कालवा: लिटरला 36 ते 38 ग्रॅम, पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. बादलीत छोटा पंप फिरू द्या. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून क्षारतेची 35 ची रेघ बघा. आणि उन्हाळ्यात टाकीतून उडालेलं पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. शंभर लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर उडालं तर मीठ तिथेच राहतं आणि 35 चे 35.7 होतात. ती भरपाई रोज, बिनमिठाच्या आरओ पाण्याने.

आईचा प्रश्न उरतोच. दहा लिटर आरओ पाण्यामागे घरगुती मशीन तीसेक लिटर बाहेर टाकतं. ते आमच्याकडे पिंपात साठतं, फरशीला आणि गाडी धुवायला जातं. टाकीतून काढलेल्या पाण्याचं मात्र काही करता येत नाही. त्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ असतं. एकदा वाया जाऊ नये म्हणून मी ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. पंधरा दिवसांत काड्या उरल्या. क्षारपड जमीन म्हणजे काय हे मुळा-प्रवरेच्या कालव्याकाठी कुणाला सांगायला नको, मला मात्र एका कुंडीत शिकावं लागलं. ते मोरीतच सोडा.

पुढच्या आठवड्यात अल्कलिनिटी. तोवर तीन रविवारांपैकी पहिला आकडा वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.