धक्क्यावरून सॉकआय: समोरून जातो, गळाला का लागत नाही?

आजचा प्रश्न साधा आहे. समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावर उभं राहून सॉकआय जातीचा सॅमन पकडता येतो का? उत्तर आहे, येतो, पण क्वचित. आणि हे क्वचित का, ते कळलं की या माशाचं निम्मं आयुष्य कळतं. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

आधी जागा बघू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड नावाची समुद्राची लांबलचक खाडी आहे. तिच्या काठी एडमंड्स, सिअ‍ॅटल, टकोमा इथे खास मासेमारीसाठी बांधलेले धक्के आहेत. ज्यांच्याकडे बोट नाही, ते परवाना घेऊन तिथे उभे राहतात. उन्हाळ्यात, जून-जुलैमध्ये, सॉकआयचे थवे या खाडीतून सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड लॉक्सकडे येतात. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या मधली बोटींची ही दारं १९१७ साली खुली झाली. शेजारी माशांसाठी पायऱ्यांची वाट आहे. तिथून ते लेक वॉशिंग्टनमध्ये आणि पुढे सीडर नदीत अंडी घालायला जातात. म्हणजे मासा जवळून जातो, यात शंका नाही.

मग गळाला का लागत नाही? कारण त्याच्या कल्ल्यांमध्ये आहे. चिनूक आणि कोहो हे सॅमन मोठे झाले की मुख्यतः लहान मासे खातात. चमकणारं काही पळताना दिसलं की झडप घालतात. सॉकआयचं तसं नाही. त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवर लांब, बारीक, दाट काटे असतात, अगदी कंगव्यासारखे. त्यांच्यामुळे पाण्यातले बारीक जीव तोंडात अडकून राहतात. क्रिल हे त्याचं आवडतं खाणं. आपल्याकडचा जवळा डोळ्यांसमोर आणा, तसलाच प्रकार. सॉकआयच्या मांसाला लाल रंग येतो तोही या खाण्यातूनच. आता जो जवळ्यावर जगतो, तो बोटभर लांबीच्या धातूच्या माशामागे कशाला धावेल? शिवाय नदी जवळ आली की त्याचं खाणंच सुटत जातं.

तुम्ही म्हणाल, बोटीवाल्यांना मग तो कसा मिळतो? कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर अल्बर्नीची खाडी आहे. तिथे समुद्रात सॉकआय पकडणं ही नेहमीची गोष्ट. बोट अगदी सावकाश चालवतात, गुलाबी प्लॅस्टिकचं छोटं माकूल गळाला लावतात आणि पुढे चकाकणाऱ्या पट्ट्या सोडतात. मासा ज्या खोलीवर असेल, त्याच खोलीवर हे आमिष तासन्‌तास फिरत राहतं. सगळी मेख इथे आहे. धक्क्यावरच्या माणसाला हे जमत नाही. तो आमिष लांब फेकतो, बुडू देतो, काठी उचलतो, पुन्हा सोडतो. आमिष योग्य खोलीवर राहतं ते काही क्षण. विषम वर्षी येणारे पिंक सॅमन असेच गुलाबी आमिषाला भुलतात. त्यांच्याच गर्दीत कधीतरी एखादा सॉकआय लागून जातो. हवं तर लहान, गुलाबी आमिष वापरा आणि हात सावकाश चालवा. पण खात्री कोणी देऊ नये.

आता खरा मुद्दा. लागला तर पुढे काय? कुठला सॅमन ठेवायचा आणि कुठला सोडायचा, हे नियम भागागणिक आणि हंगामागणिक बदलतात. निघायच्या आधी त्या दिवसाचा नियम बघायचाच. म्हणजे मासा पाण्यात असतानाच ओळखता यायला हवा. समुद्रात सॉकआय लाल नसतो. पाठ निळसर, अंग रुपेरी. पाठीवर आणि शेपटीवर ठळक काळे ठिपके नाहीत. चिनूक, कोहो, पिंक यांना ते असतात. घोटाळा होतो तो चमशी, कारण त्यालाही ठिपके नाहीत. पण चमच्या शेपटीत रुपेरी रेघा दिसतात आणि त्याच्या कल्ल्यांचे काटे आखूड, जाड, विरळ असतात.

धक्का पाण्यापासून उंच असतो. मासा दोरीने वर ओढला, फळ्यांवर आपटला आणि मग फेकून दिला, तर त्याला सोडून देणं म्हणता येणार नाही. दोरीला बांधलेलं गोल जाळं खाली सोडावं, मासा त्यात घ्यावा. सोडायचा असेल तर शक्यतो पाण्यातच गळ काढावा. उलटा काटा नसलेला गळ असला की हे सोपं जातं.

एवढी काळजी का? सॉकआय आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. दुसरी संधी नाही. एका मादीत साधारण ३,००० अंडी असतात. सीडर नदीचे सॉकआय इतके घटले, की २००६ च्या उन्हाळ्यानंतर लेक वॉशिंग्टनमधली त्यांची हौशी मासेमारी वर्षानुवर्षं बंद राहिली. ज्या तळ्याकाठी घरटी माणसं सॉकआयची वाट बघायची, तिथेच हे झालं. धक्क्यावर लागलेला एक मासा कदाचित त्याच नदीचा असेल.

तेव्हा धक्क्यावर जरूर जा, पण पिंक किंवा कोहोच्या आशेने जा. सॉकआय लागलाच, तर तो काय आहे हे आधी ओळखा आणि मगच हात घाला. आता प्रश्न घेऊ.