एक शब्द, अनेक अर्थ

पोलादपूर सोडून खेडकडे निघालेली एस. टी. कशेडीचा घाट चढू लागते, तेव्हा तीत बसलेल्या विद्यार्थ्याच्या खिशात 'पास' असतो. वार्षिक परीक्षेत तो 'पास' झालेला असतो. आणि ज्या वाटेने गाडी डोंगर ओलांडते, त्या वाटेलाही इंग्रजीत 'पास' असेच म्हणतात. मराठीत मात्र एक सवलतीचा परवाना, दुसरे उत्तीर्ण होणे आणि तिसरी खिंड किंवा घाट. भाषांतर करणाराची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. कोशात एका शब्दापुढे आठ-दहा प्रतिशब्द दिलेले असतात. त्यांतला कोणता घ्यावा, हे वाक्यातील शेजारच्या शब्दांवरूनच ठरवावे लागते.

'चार्ज' हा शब्द पाहा. विजेच्या बिलात तो 'आकार' होतो, विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रभार', पोलिसांच्या हाती काठी असेल तर 'लाठीमार', कचेरीत 'कार्यभार' आणि न्यायालयात 'दोषारोप'. शेवटच्या दोहोंत गफलत झाली, तर ती हसण्यावारी नेता येत नाही. एखाद्या गृहस्थाकडे पतपेढीचा कार्यभार आला, असे लिहावयाचे असताना त्याच्यावर पतपेढीसंबंधी आरोप आला, असे लिहिले गेले, तर त्या भल्या माणसाची अब्रूच जावयाची. उलट चूक झाली, तर आपल्यावर आळ कोणता आहे, हेच आरोपीला कळणार नाही.

या प्रश्नाची जाण कशेडीच्या परिसराला नवी नाही. महाड तालुक्यातील रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांच्याच आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी सिद्ध केला. त्याची मांडणी मोठी मार्मिक आहे. त्यातील शब्द अक्षरक्रमाने लावलेले नसून दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा वर्गांत लावलेले आहेत. शब्द कोणत्या व्यवहारातला, हे एकदा ठरले, की त्याचा अर्थही पुष्कळसा ठरतो.

इंग्रजी अमदानीत मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच १९६० साली शासनाने भाषा संचालनालय सुरू केले. १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राजभाषा झाली, आणि एकेका विषयाचे परिभाषाकोश निघू लागले. 'पॉवर' हा शब्द कायद्यात 'अधिकार', भौतिकीत 'शक्ती' आणि गणितात 'घात' होतो. घात म्हणजे नाश, एवढेच ठाऊक असलेला मुलगा गणितातला घात पाहून प्रथम दचकतो, ही गोष्ट निराळी!

मराठीतून इंग्रजीत जातानाही अडचण तीच. घाट डोंगरात असतो, तसा नदीकाठी पायऱ्यांचाही असतो. तांब्याला सुबक घाट असतो, आणि घरात लग्नाचाही घाट घातला जातो. या साऱ्यांना पुरेल असा एक शब्द इंग्रजीत नाही. डोंगरातला घाट तर इंग्रजीने तसाच उचलला आणि एका वाटेचे नाव सह्याद्रीच्या अख्ख्या रांगेला देऊन तिला 'वेस्टर्न घाट्स' करून टाकले.