निर्भीक, प्रबल की साधे मार्क थ्री?

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा मोंढ्यात चर्चा रंगली ती ट्रॅक्टरची आणि टूथपेस्टची. त्याच यादीत खासगी विमाने आणि शौकाच्या नौकांच्या पंगतीला पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही बसले होते. त्यांच्यावरचा कर २८ टक्क्यांवरून थेट ४० टक्के झाला. म्हणजे सरकारच्या लेखी ही चैनीची वस्तू. नांदेडच्या बिल्डरला किंवा लातूरच्या आडत्याला विचारा, तो म्हणेल, 'चैन कसली, जिवाचा प्रश्न आहे.' आता भारी मालावर वाढीव दहा हजार मोजायचे, तर वर चार हजार कराचे. भारी घ्यायचे की साधे, हा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार झाला आहे.

जिवाचा प्रश्न खोटा नाही. ५ एप्रिल २०२२ला बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी नांदेडच्या शारदानगरात आपल्या घरासमोर गाडीतून उतरले, आणि दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बियाणी वाचले नाहीत. खंडणीच्या फोनची सवय झालेल्या शहरालाही तो दिवस जड गेला. ज्यांची उलाढाल मोठी, त्यांच्या बैठकीत तेव्हापासून परवान्याचा विषय निघाला की लवकर संपत नाही.

परवाना मिळाला असे धरू. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही. तेव्हा पोलिसांचा अहवाल मागवून सही करायची ती जिल्हाधिकाऱ्यांनी. कायदा १९५९चा, नियम २०१६चे. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. वरातीत हौसेने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, हेही त्याच दुरुस्तीतले. सैन्य-पोलिसांच्या वापरातले नाइन एमएमसारखे बोअर सामान्य माणसाला बंद. परदेशी हत्यार आयात करण्याची वाट १९८०च्या दशकातच बंद झाली. म्हणून मोबाइलवर अमेरिकी पिस्तुलांचे व्हिडिओ पाहून जी स्वप्ने पडतात, ती मराठवाड्यात येईपर्यंत बहुधा पॉइंट थ्री टू बोअरच्या रिव्हॉल्व्हरवर उतरतात.

या बोअरमध्ये निवड मोजकीच. सरकारी कारखान्यांचे जुने, साधे 'मार्क थ्री' रिव्हॉल्व्हर म्हणजे इंग्रजी वेब्ली मार्क फोरचा देशी अवतार. नळी पुढे मोडून उघडायची, सहा घरांत सहा काडतुसे भरायची. वजन पाऊण किलोच्या आसपास. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी २०१४मध्ये, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणले. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्धा किलो, दागिन्यांच्या डबीसारखी मरून रंगाची पेटी आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावेल अशी जाहिरात झाली. ज्या देशात बलात्काराची तक्रार नोंदवून घ्यायलाच बाईला खेटे घालावे लागतात, तिथे तिला सव्वा लाखाचे हत्यार सुचवणे मला तेव्हाही चीड आणणारे वाटले होते, आजही वाटते. पुढे उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे 'वेब्ली अँड स्कॉट' या बर्मिंगहॅमच्या जुन्या नावाने भारतीय भागीदारीत रिव्हॉल्व्हर बनू लागले. ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने 'प्रबल' बाजारात उतरवले. ७६ मिलिमीटरची नळी, रिकाम्याचे वजन ७०० ग्रॅम, मारा ५० मीटरपर्यंत. त्याचे काडतुसांचे चक्र बाजूला बाहेर पडते.

आता जास्तीच्या पैशात नेमके मिळते काय? काडतूस नाही. पॉइंट थ्री टू लाँग हे स्मिथ अँड वेसनने १८९६मध्ये आणलेले काडतूस. गोळी सव्वासहा ग्रॅमची, वेग बेताचा. साध्यात तेच, निर्भीकमध्ये तेच, प्रबलमध्येही तेच आणि घरेही सहाच. टायटॅनियममुळे वजन उतरते हे खरे. पण हत्यार जितके हलके तितका बार काढताना हाताला बसणारा झटका जास्त. या मवाळ काडतुसात तो सोसण्याजोगा असतो, एवढेच. बाजूला उघडणाऱ्या चक्राचे कौतुक फार होते. प्रत्यक्षात जुन्या मोडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी उघडताच रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात, भरणे तिथेही झटपट होते. नव्या रचनेचा फायदा वेगळा: सांगाडा अखंड राहतो, बिजागरी सैल व्हायची भीती उरत नाही. अतिरिक्त पैसे मोजावेत असा खरा गुण एकच, तो म्हणजे घोडा. देशी रिव्हॉल्व्हरचा घोडा जड, ही जुनी तक्रार; बोट ताण देऊन ओढावे लागले की नेम हलतो. प्रबलचा घोडा हलका असल्याचे कंपनी सांगते. दुकानात रिकामे हत्यार हातात घेऊन, दुकानदाराच्या परवानगीने तो दोन्ही नमुन्यांत ओढून पाहावा. फरक बोटाला कळला नाही, तर जास्त पैसे देण्याचे कारण उरत नाही.

घोड्याला किती मोल असते हे पाहायचे तर कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे पाहावे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने सुवर्ण जिंकले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिथे मुठीचा आकार, घोड्याचे वजन, तोल, सगळ्याचे पैसे वसूल होतात, कारण त्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो. आपल्या जिल्ह्यांत नेमबाजीचा सराव म्हणजे बहुतेक दहा मीटरवरची एअर पिस्तुले. खऱ्या काडतुसांचा सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करायचा. शेतात, आखाड्यावर बार काढून पाहणे हा गुन्हा. तेव्हा सव्वा-दीड लाखाच्या हत्याराचा मालक पाच वर्षांत किती गोळ्या झाडतो, हा प्रश्न मी परवानाधारकांना विचारतो. उत्तरात बहुधा हसू येते.

सराव असणाऱ्यांचीही गत काय? न्यूयॉर्क पोलिसांच्या नोंदी तपासून रँड संस्थेने २००८मध्ये लिहिले की समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागत. १९८३मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी दाखवून दिले की चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट सुमारे दीड सेकंदात कापतो. फिलाडेल्फियातल्या २००९च्या एका अभ्यासात, हल्ल्याच्या वेळी जवळ बंदूक असणाऱ्यांना गोळी लागण्याची शक्यता साडेचार पट आढळली. अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे लागू करू नयेत. पण दारात गाडीतून उतरणाऱ्या माणसावर दुचाकीवरून गोळ्या येतात, तेव्हा कमरेचे रिव्हॉल्व्हर साधे की टायटॅनियमचे, याने काय बदलते?

घरातला धोका त्याहून बोलायला अवघड. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६३ लाख प्रौढांचा बारा वर्षांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२०मध्ये आला. स्वतःची हँडगन असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या आठ पट, स्त्रियांत पस्तीस पट निघाले. एप्रिल २०२५मध्ये लातुरात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने घरी स्वतःवर गोळी झाडली, ते शहर विसरलेले नाही. सुदैवाने ते वाचले. कर्जाचे, शेतीचे, धंद्याचे ताण असलेल्या या भागात हत्यार कुलपात ठेवणाऱ्या तिजोरीची किंमत म्हणूनच मला टायटॅनियमपेक्षा आधी मोजावीशी वाटते. आणि ताण असह्य झालाच, तर किल्ली काही दिवस दुसऱ्याकडे द्यावी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो.

भारी हत्याराची ओढ कुठून येते, याचे एक उत्तर नांदेडमध्येच आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे जपलेली आहेत. त्यात रत्नजडित पोलादी ढाल आहे, सोन्याच्या तलवारी आहेत, तोड्याची बंदूक आहे. भाविकांना रोज त्यांचे दर्शन घडते. १७०८मध्ये इथे देह ठेवलेल्या गुरूंच्या शस्त्रांवरचे सोने श्रद्धेचे आहे, ते कमरेला लावून मिरवायचे नसते. मिरवायचे असते ते बीडच्या रील्समध्ये. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमधले परवान्यांचे पीक उघड्यावर आले, तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी बाराशेहून अधिक परवान्यांचा आकडा मांडला आणि प्रशासनाला परवाने रद्द करण्याची मोहीम घ्यावी लागली. पँटच्या पट्ट्यावर शर्ट मुद्दाम वर खोचणाऱ्याला चकाकी हवी असते. त्याच्यासाठी जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, फक्त परवाना जाऊ शकतो.

राहिला पैसा वसूल होण्याचा मुद्दा. आयात बंद असल्याने जुन्या परदेशी हत्यारांना भाव टिकतो, देशी मालाला तसा नाही; आणि विकायला गिऱ्हाईकही परवानाधारकच लागते. निवडणूक लागली की छाननी समिती ठरवेल त्यांची हत्यारे ठाण्यात जमा. नांदेडला २०२४मध्ये एप्रिलात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. ज्या हंगामात वैर उफाळते, त्याच हंगामात हत्यार कपाटाबाहेर. मालक सत्तरीला पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगून झाले, तर नियमानुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलगा पुण्यात आयटीत असेल आणि त्याला ते नकोच असेल, तर मालकाच्या पश्चात घरच्यांनी ते मुदतीत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. म्हणून मला कुणी विचारलेच, तर मी साधे मार्क थ्री आणि चांगली तिजोरी सांगतो. घोडा खरोखर हलका वाटला आणि सरावाची सोय असली तरच प्रबल. निर्भीकची मरून पेटी सुंदर आहे, पण हत्यार घरी आले की ती कपाटात मागे पडते.