दिवाळीच्या भेटींऐवजी एकत्र परदेशवारी : आखणी कशी करावी?



आजचा विषय फौजेचा नाही, घरचा आहे. पद्धत मात्र मी फौजेत शिकलो तीच वापरली. दिवाळीत एकमेकांना वस्तू देण्याऐवजी तो पैसा साठवायचा आणि सगळ्या कुटुंबाने मिळून परदेशी जायचं, हे प्रत्यक्षात कसं जमवायचं ते सांगतो.

आम्ही चार भावंडं. ताई इंदूरला, बँकेतून निवृत्त. मी पुण्यात. मधला भाऊ हैदराबादला. धाकट्याचं सांगली जिल्ह्यात छोटं दुकान आहे. आई ८४ वर्षांची, ती त्याच्याकडे असते. गेल्या मे महिन्यात आम्ही चौदा जण आठ दिवस मॉरिशसला जाऊन आलो.

आधी कारण सांगतो, कारण आखणी त्यातूनच ठरली. दिवाळीच्या भेटी आमच्याकडे वर्षागणिक महाग होत गेल्या. एकाने मोबाइल दिला की दुसऱ्याला घड्याळ द्यावंसं वाटे. आहेर आणि परतीचा आहेर, असा तो हिशेबच झाला होता. धाकट्याने लागोपाठ दोन दिवाळ्या काही ना काही सबब सांगून येणं टाळलं. खरं कारण आईने ताईच्या कानावर घातलं. सगळ्यांना तोलामोलाचं देण्याइतके पैसे त्याच्या हातात नव्हते. ज्या रिवाजाने भाऊ घरी यायचा थांबतो, तो रिवाज बदलायलाच हवा, असं ताई म्हणाली. ओवाळणी मात्र ठेवली. ताटात १०१ रुपये, सगळ्यांचे सारखे.

पैसा. भेटींचा पैसा साठवला की परदेशवारी फुकटात होते, असं समजू नका. एका वर्षाच्या भेटींत विमानाची तिकिटंही निघत नाहीत. आम्ही तीन दिवाळ्या पैसे साठवले, वर थोडी भर घातली. नियम एकच होता. प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम थेट ताईकडे पाठवायची आणि कोणी किती दिले ते फक्त तिनेच जाणायचं. तिकिटं, घरभाडं, गाडी, किराणा, सगळं त्याच एका खात्यातून. समान वर्गणी ऐकायला न्याय्य वाटते, पण चार घरांची कमाई सारखी नसेल तर एका घराला ती कर्जात घालते किंवा गप्प बसवते. एकूण रकमेचा दहावा हिस्सा राखीव ठेवा. त्याला सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

एजंटकडून परदेशाचं पॅकेज घेतलंत, तर पैसे भरताना टीसीएस कापला जातो. हा जादा कर नव्हे. पैसे भरणाऱ्याच्या पॅनवर तो जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून किंवा परत मिळतो. तोवर मात्र रक्कम अडकून राहते. म्हणून सगळ्यांचे पैसे कोणाच्या नावाने भरायचे ते आधी ठरवा. दर बदलत आले आहेत, तेव्हा चालू दर विचारून घ्या.

तारीख. वेगवेगळ्या राज्यांत विखुरलेल्या मराठी कुटुंबांची खरी अडचण इथे असते. गुजरातेत शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी असते. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीला जेमतेम एखादा दिवस. बडोदा आणि हैदराबाद अशी दोन घरं असतील तर दिवाळीचा मेळ बसणं अवघड. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा बहुतेकांना जमतो. म्हणून आम्ही दिवाळीला घोषणा केली आणि प्रवास मेमध्ये ठेवला.

फौजेत एक शिकवण आहे. हातातल्या वेळेचा एक तृतीयांश भाग वरिष्ठाने निर्णयाला वापरावा, बाकीचा तयारीसाठी खालच्यांना द्यावा. दिवाळी ते मे साडेसहा महिने होतात. त्यामुळे ठिकाण आणि तारीख डिसेंबरअखेर पक्की झाली. त्यानंतर चर्चा बंद.

ठिकाण. गाड्यांच्या ताफ्याचा वेग त्यातली सर्वांत संथ गाडी ठरवते. आमची संथ गाडी म्हणजे आई. मॉरिशस निवडलं ते तिच्याकडे बघून. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची नोंद आणि खर्चापुरते पैसे मात्र दाखवता आले पाहिजेत. बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, त्यामुळे एकाच घरात मुक्काम ठेवून सगळं पाहता येतं. रोज बॅगा भरण्याची कटकट नाही. चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, मेपर्यंत तो सरलेला असतो. आग्नेयेकडच्या वाऱ्यांपासून पश्चिम किनारा आडोशाला आहे, म्हणून घर त्या बाजूला घेतलं. स्वयंपाकघर असलेलं, आईची खोली तळमजल्यावर.

आणखी एक कारण होतं. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर या बेटावर उसाच्या मळ्यांसाठी नेले गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे. मजुरांना उतरवून घ्यायचे ती जागा. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आई त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ बसली. "यांना परत कोणी भेटलं नसेल ना रे?" एवढंच म्हणाली. नातवंडांनी त्या दिवशी मोबाइल काढला नाही.

कागदपत्रं. सगळ्यांचे पासपोर्ट एका टेबलावर मांडा आणि मुदतीच्या तारखा वहीत लिहा. परतीनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, हे आईबाप विसरतात. आमच्या पुतण्याचा असाच संपलेला निघाला. आईचा पासपोर्ट नव्हताच. तिची आधारवरची आणि पॅनवरची जन्मतारीख वेगळी होती. जुन्या पिढीत हे सर्रास आढळतं. ती दुरुस्ती आधी करा, अर्ज नंतर. ६० वर्षांवरच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सूट आहे. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. सुनांच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तिकिटावरही तेच.

तिकिटं. विमानकंपन्यांच्या साइटवर एका वेळी साधारण नऊ जणांपुरतीच नोंद होते. दहा किंवा अधिक माणसं असतील तर त्यांच्या ग्रुप विभागाशी बोला. तिथे बऱ्याचदा थोडी रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. आई आधी "मला नको ती खुर्ची" म्हणत होती. विमानतळावर किती चालावं लागतं हे नातीने तिला समजावलं, तेव्हा तयार झाली.

प्रकृती. आपला नेहमीचा आरोग्य विमा बहुतेक वेळा भारतापुरता असतो. प्रवास विमा वेगळा घ्या आणि रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, सगळं लिहून द्या. लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरतो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत मॉरिशसचे नियम कडक आहेत, म्हणून परवानगी लागते का ते निघण्याआधी पाहा. फळं आणि बियाणं नेऊ नका. तिथे कार्डाने पैसे देताना मशीन रुपयांत की स्थानिक चलनात असं विचारतं. स्थानिक चलन निवडा, भारतीय रुपयांत बहुधा जास्त कापले जातात.

रोजचा कार्यक्रम. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. सकाळी एक ठिकाण, दुपारनंतर ज्याला जे हवं ते. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र, घरी. कामाची पाळी लावली होती आणि पुरुषांना त्यातून सूट नव्हती. नाहीतर परदेशात जाऊनही बायका ओट्यापाशीच राहतात. धाकट्याने एका रात्री चौदा जणांसाठी पिठलं-भात केला. तो फर्मास झाला, हे मी फौजेच्या मेसमध्ये तीस वर्षं जेवलेला माणूस म्हणून सांगतो.

परदेश परवडत नसेल तर कोकणात एक घर घ्या, आखणी हीच चालेल. पण आई-वडील ऐंशीच्या पुढे असतील तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका. या रविवारी भावंडांना फोन करा आणि दोन गोष्टी ठरवा. पैसे कोणाकडे जमा करायचे, आणि सगळ्यांचे पासपोर्ट कधीपर्यंत चालू आहेत. बाकीचं त्यानंतर जमत जातं.

जय हिंद.